हा प्रश्न कोणाचा?

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजात मूल्यांकन समिती येऊन गेली. समिती येणार म्हटल्यावर दोन महिने आधीपासून फायली शोधणं, भिंती रंगवणं, गळके नळ बदलणं असा जो उद्योग चालतो, तो सगळा चालला. माझ्या वाट्याला एक फॉर्म आला. त्याचं नाव, 'महाविद्यालयातील संशोधनाचा आवाका'. खाली तीन रकाने: विज्ञान, आरोग्य, शिक्षण. कोणी काय संशोधन केलं आणि त्याचा समाजाला काय उपयोग झाला, ते लिहायचं. विज्ञानाच्या रकान्यात आम्ही सगळेच होतो, माझं नाव तर सर्वांत वर. पण 'उपयोग' या शब्दापुढे काय लिहावं ते सुचेना. आरोग्य आणि शिक्षण हे रकाने तर कोरेच, आणि कोरे ठेवायची सोय नव्हती. शेवटी मी तिन्ही रकान्यांत एकच नाव लिहिलं. प्रा. कौतिक देवरे, वनस्पतिशास्त्र विभाग, निवृत्त. लिहिताना पोटात दुखलं. हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं. वर्षानुवर्षं मी ते घेऊन स्टाफरूममध्ये बसत होते.

आधीच सांगून टाकते, म्हणजे मी एका थोर सहकाऱ्याचे गोडवे गाते आहे असं कोणाला वाटायला नको. मला देवरे सरांचा हेवा वाटायचा. अधूनमधून नाही, रोज. सकाळी स्टाफरूमच्या खुंटीवर त्यांची पिशवी दिसली की सुरू व्हायचा आणि संध्याकाळी त्यांची जुनी स्कूटर खडखडत गेटबाहेर पडेपर्यंत टिकायचा. रविवारी सुट्टी असायची, पण रविवारी सर कुठे गेले असतील हा विचार असायचाच.

आम्ही एकाच दिवशी रुजू झालो होतो. मी भौतिकशास्त्रात, ते वनस्पतिशास्त्रात. मस्टरवर माझी सही आधी, त्यांची तिच्याखाली. पुढेही असंच राहील असं मला वाटलं आणि कागदोपत्री तसंच राहिलं. मी डॉक्टरेट केली. त्यांनी तीनदा सुरू केली आणि तीनदा सोडली, कारण दर वेळी अर्ध्यावर त्यांना दुसराच काहीतरी प्रश्न भेटायचा. मी विभागप्रमुख झाले, ते शेवटपर्यंत खिडकीजवळच्या तिसऱ्या टेबलावर. माझ्या शोधनिबंधांची यादी दोन पानं भरते, त्यांची अर्ध्या पानातच संपते. तरी बाहेरचं कोणी आलं की दारात उभं राहून विचारायचं, "देवरे सर कुठे बसतात?" मी शेजारच्याच टेबलाशी असायचे. बोट दाखवायचं काम माझं.

बरं, माणूस दिसायला म्हणाल तर काहीच नव्हता. उंच, किडकिडीत, शर्ट कायम पँटबाहेर. खिशात दोन पेनं आणि भाजलेले शेंगदाणे. पेन काढताना त्याच्याबरोबर दोन शेंगदाणे पडायचे आणि ते वाकून उचलून तोंडात टाकायचे. पिशवी कुठल्याशा बी-बियाण्यांच्या दुकानाची, फुकट मिळालेली. चहा बशीत ओतून प्यायचे. सटाण्याकडचा माणूस, वर्गात आणि आमच्याशी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायचे, पण एक वाक्य मात्र त्यांनी आयुष्यभर अहिराणीतच म्हटलं. "माले माहीत नही." मला माहीत नाही. आम्ही प्राध्यापक मंडळी हे वाक्य टाळण्यासाठी काय काय करतो! घसा खाकरतो, 'हा फार मूलभूत प्रश्न आहे' म्हणतो, तास संपल्याची घंटा होईपर्यंत वेळ काढतो. सर मात्र ते वाक्य असं म्हणायचे, की जणू ताटात काहीतरी गोड पडलं आहे. आणि ते म्हटलं की पिशवीतून वही निघायची.

त्या वहीबद्दल सांगायलाच हवं. फुलस्केप, दोनशे पानी, शाळेतल्या पोरांसारखं खाकी कव्हर घातलेली. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले चार रकाने: प्रश्न, कोणी विचारला, उत्तर, परत दिलं का. शेवटच्या रकान्याचा त्यांना फार सोस. उत्तर मिळालं की ते विचारणाऱ्याला स्वतः जाऊन सांगायचं. नाही मिळालं तर नाही मिळालं हेही जाऊन सांगायचं. "लोकांना वाटतं, मास्तर विसरला," ते म्हणायचे. "एकदा असं वाटलं ना, की माणूस पुन्हा विचारत नाही."

माझ्या हेव्याची सुरुवात मला नेमकी आठवते. माझी डॉक्टरेट झाली तेव्हा प्राचार्यांनी कॉलेजात माझं व्याख्यान ठेवलं. मी काचेवर धातूच्या ऑक्साइडचे अगदी पातळ थर चढवते. आमच्या विषयात खूप जण हेच करतात. धातू बदलतो, बाकी सगळं तेच. मी नवी पैठणी नेसले होते, चित्रं पडद्यावर छान उमटत होती. शेवटी प्राचार्यांनी विचारलं, कोणाला काही शंका? मागच्या रांगेतून देवरे सर उठले.

"मॅडम, फार व्यवस्थित काम आहे. मला एवढंच सांगा, हा प्रश्न कोणाचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे कोणाला जाणून घ्यायचं होतं?"

"विज्ञानाला," मी म्हटलं. टाळ्या पडल्या. सर "बरं, बरं" म्हणून खाली बसले.

तो टोमणा असता तर मी परतवला असता. टोमण्यांना उत्तर द्यायला मला कधी वेळ लागलेला नाही. पण त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. घरी जाऊन मी भांडी आपटली. खरं उत्तर असं होतं, की तो प्रश्न माझ्या गाइडचा होता आणि त्यांच्याआधी त्यांच्या गाइडचा. पाच वर्षं घालवून मी जे शोधलं, त्याची वाट जगात कोणीही बघत नव्हतं. हे मला त्या दिवसापर्यंत जाणवलं नव्हतं आणि जाणवून दिल्याबद्दल मी त्या माणसाला माफ करायला तयार नव्हते.

त्यांच्या प्रश्नांची वाट मात्र माणसं बघत असायची. विंचूरच्या कांदा मार्केटमध्ये निवड करणाऱ्या बायांनी त्यांना विचारलं होतं, की नव्या बाईच्या डोळ्यांना पाणी येतं, मग जुन्या बाईच्या का येत नाही? तेवढ्यासाठी हा माणूस हंगामभर एसटीने विंचूरला जात होता. एका हॉटेलवाल्याने विचारलं होतं, की दही उन्हाळ्यात एका भांड्यात लागतं आणि शेजारच्या भांड्यात का लागत नाही? आमच्याच कॉलेजच्या झाडूवाल्या मावशींनी विचारलं होतं, की नातीला पाढे म्हणून दाखवता येतात, मग लिहायला सांगितले की का अडतात? यातलं वनस्पतिशास्त्र कुठे आलं? मी एकदा स्टाफरूममध्ये सर्वांसमोर विचारलंही. "देवरे सर, तुमचा विषय नेमका कुठला हो?" सगळे हसले. सरही हसले. "पगार वनस्पतिशास्त्राचा घेतो," म्हणाले आणि मला दोन शेंगदाणे देऊ केले. मी घेतले नाहीत.

द्वारकेचा प्रसंग तर मी डोळ्यांनी पाहिला. द्वारकेच्या चौकातून रिक्षाने जायचं म्हणजे काय, ते नाशिककरांना सांगायला नको. भर दुपारी आमची रिक्षा ट्रकांच्या मधे अडकलेली, चहूबाजूंनी हॉर्न. बघते तर चौकाच्या कडेला देवरे सर! एका हातात जुनं गजराचं घड्याळ, दुसऱ्या हातात गाठी मारलेली सुतळी. समोर ट्रॅफिक हवालदार डोळे मिटून उभा. सर घड्याळ त्याच्या कानापासून लांब लांब नेत होते आणि तो मान हलवत होता.

"काय चाललंय हे?" मी नकळत बोलले.

रिक्षावाला मागे वळला. "आमचे सर हायेत ते. त्या हवालदारानी इचारलं व्हतं, सकाळी माझी शिट्टी मला ऐकू येती, दुपारनंतर का नाय येत? म्हनून सर रोज येत्यात. सकाळी एकदा टिकटिक ऐकवित्यात, दुपारी एकदा. कान दमत्यात म्हने. मी पन माझ्या पाठीचं इचारून ठेवलंय."

"तुम्ही त्यांना ओळखता?"

"म्हनजे काय! वहीत नाव हाय माझं."

मी त्या चौकातून वर्षानुवर्षं ये-जा करत होते. ध्वनी हा माझा विषय. ध्वनीची तीव्रता कशी मोजतात हे मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला फळ्यावर शिकवते. आणि एक वनस्पतिशास्त्राचा माणूस गजराच्या घड्याळाने माझा विषय माझ्या नाकासमोर चौकात करत होता. महिन्याभराने तोच हवालदार कानात बोळे घालून ड्यूटीवर उभा दिसला. सर त्याला स्वतः कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. स्टाफरूममध्ये त्यांनी हे काही कोणाला सांगितलं नाही. मला रिक्षावाल्यांकडूनच कळत राहिलं.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दिंडोरीच्या पुढे माझं माहेर आहे. मी चौथीत असताना वडिलांनी गावातली पहिली द्राक्षबाग लावली, शाळेच्या भिंतीला लागूनच. आता ती बाग माझा दादा बघतो. त्या शाळेत जाधव बाई म्हणून शिक्षिका होत्या. छाटणीपासून पुढे पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी मजूर कुटुंबं बागांवर राहायला येतात, त्यांची मुलं हंगामापुरती या शाळेत बसतात. जाधव बाईंच्या लक्षात आलं, की हंगामात मुलं पहिल्या दोन तासांना पेंगतात. असं का? हा प्रश्न त्यांनी देवरे सरांना विचारला. कुठल्याशा शिक्षक मेळाव्यात गाठून विचारला.

मला ते कळलं तेव्हा माझा अगदी तिळपापड झाला. माझं गाव. माझी शाळा. त्या शाळेतून निघालेली पहिली डॉक्टर मी. माझा फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीत लावलेला आहे. दर दिवाळीला मी तिथे जाते, नारळ घेते, मुलांना 'मोठं व्हा' सांगते. आणि त्या बाईंना प्रश्न पडला तेव्हा त्या माझा फोटो ओलांडून नाशिकला देवरे सरांकडे गेल्या.

सरांनी त्या प्रश्नावर रीतसर प्रकल्प लिहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कॉलेजकडे काही मागितलं. शिक्षण विभागाची वर्गात बसायची परवानगी मिळावी म्हणून कॉलेजचं पत्र, आणि वर्गातल्या हवेत शेजारच्या बागेतल्या फवारणीचं औषध किती उतरतं ते मोजण्यासाठी एका यंत्राची सोय. अर्ज आमच्या संशोधन समितीकडे आला. समितीत आम्ही पाच जण. पद्धत अशी, की अर्ज एकेकाकडे फिरतो, ज्याला जे वाटतं तो ते कागदावर लिहितो, आणि ऑफिस सगळे शेरे एकत्र टाइप करून नावाशिवाय पाठवतं. बाकी चौघांनी 'शिफारस आहे' लिहिलं होतं. माझ्याकडे कागद शेवटी आला.

मी लिहिलं: 'विषयाचा विस्तार फार आहे. विज्ञान, आरोग्य व शिक्षण अशी सरमिसळ झाली आहे. कामाला खोली नाही.'

किती सोपं होतं ते! एकही शब्द खोटा नव्हता आणि सगळा शेरा खोटा होता. समितीचा नियम असा, की एकाचाही प्रतिकूल शेरा असला तर अर्ज सुधारणेसाठी परत जातो. गेला. कागद कारकुनाच्या हातात देताना मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांनी तो शेरा स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवला. मला वाटलं, आता आरडाओरडा करतील. तर म्हणाले, "कामाला खोली नाही. चांगला प्रश्न आहे हा." आणि वही काढून त्यांनी तो पहिल्या रकान्यात उतरवून घेतला. मग पेन तसंच धरून आमच्या सर्वांकडे पाहिलं. "कोणी विचारलाय, माहितीये का कोणाला? मला भांडायचं नाही. नुसतं बोलायचंय."

मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हाला काही कल्पना?"

"मला कुठे कळतंय," मी म्हटलं. "ऑफिसला विचारा." आणि पेपर तपासत बसले. लाल पेनाने कुठल्या पोराच्या पेपरावर काय खुणा केल्या, देव जाणे.

अर्ज त्यांनी सुधारून पुन्हा दिला नाही. काय सुधारायचं तेच त्यांना कळलं नसणार, कारण सुधारण्यासारखं त्यात काही नव्हतं. कॉलेजचं पत्र नाही म्हणून वर्गात बसायची परवानगी नाही. ते दोन वर्षं जिल्ह्याच्या ऑफिसात खेटे घालत राहिले. तिसऱ्या वर्षी कोणा भल्या अधिकाऱ्याने शनिवारच्या सकाळच्या शाळेत आणि सुट्टी टाकून आले तर इतर दिवशीही बसायची मुभा दिली. यंत्र मिळालं नाहीच.

मग सरांनी आपली सगळी किरकोळ रजा त्या शाळेत खर्च केली. मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. समोर कागद, कागदावर वर्गातल्या बाकांचा नकाशा. कोणी पेंगलं की त्या जागेवर टिंब. भिंतीपलीकडे ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की कडेला एक आडवी रेघ. संपूर्ण हंगामभर एवढंच. हे मला कोणी सांगितलं? दादाने.

दादाचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. "मंगल, तुझ्या कॉलेजचे देवरे सर येऊन गेले घरी. लय साधा मानूस. वहिनीनं ठेचा-भाकर वाढली, मांडी घालून जेवले."

"कशाला आले होते?"

"अगं, फवारनीचं सांगाया. कागद दाखिवला मला. ज्या दिवशी आपला ब्लोअर चालू, त्या दिवशी खिडकीकडची समदी पोरं पेंगत्यात, मजुराची काय अन् बागाइतदाराची काय. माझा सोन्याबी हाय त्याच्यात. अन् ज्या दिवशी ब्लोअर नाय, त्या दिवशी फक्त मजुराची, ती पन मराठीच्याच तासाला. गनिताला टक्क जागी. बाईंची भाषाच त्यांना कळत नाय म्हने. ते बाईंनी बघून घेतलंय, त्या पोरांच्या आयांकडून त्यांच्या गोष्टी शिकून राह्यल्यात."

"आणि तुला काय म्हणाले? फवारू नको?"

"नाय ना! म्हनले, औषधानीच होतं असं मी सांगू शकत नाय, मोजायला यंत्र नाय माझ्याकडं. आवाजबी असंल, वासबी असंल. पन शाळा भरायच्या आत फवारा नायतर सुटल्यावर. एवढं साधं हे! मी त्याच दिवसापासून येळ बदलली." मग दादा म्हणाला, "मंगल, तू त्या शाळेत शिकली. त्याच खिडकीत बसायची. तुला कधी वाटलं नाय का गं इचारावं?"

पोळी करपली. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला त्या खिडकीतला वास आठवला. चौथीत त्या वासाने डोकं जड व्हायचं आणि तेव्हाच्या बाई मला "झोपाळू" म्हणायच्या, तेही आठवलं. सगळं होतं माझ्याकडे. खिडकी होती, वास होता, भौतिकशास्त्र होतं. फक्त प्रश्न पडला नव्हता. आणि ज्याला पडला, त्याच्या वाटेत मी जाऊन उभी राहिले होते. त्याही क्षणी, खरं सांगते, आधी पश्चात्ताप नाही वाटला. आधी वाटलं, माझ्या सख्ख्या भावालासुद्धा यानेच जिंकलं.

निवृत्तीच्या महिन्यात सरांनी निरोप समारंभ नको म्हणून सांगितलं. "माझी अजून बरीच उत्तरं परत द्यायची आहेत," म्हणाले. महिनाभर ते वही घेऊन हिंडत होते. विंचूरच्या बायांकडे गेले. रिक्षावाल्याच्या पाठीचं "माले माहीत नही" म्हणून सांगून आले आणि रिक्षावाल्यानेच त्यांना फुकट घरी सोडलं. झाडूवाल्या मावशींच्या नातीबद्दल पायरीवर बसून अर्धा तास बोलले. शेवटच्या दिवशी दुपारी मी माझ्या प्रयोगशाळेत एकटी होते. सर दारात आले.

"येऊ का मॅडम?"

"या ना. तुमचं काय, अजून उत्तरवाटप चाललंय?"

"एकच राहिलंय." ते स्टुलावर बसले. वही उघडून माझ्यासमोर सरकवली. "हे काही देता येत नाही. तुम्ही विभागप्रमुख, जुनं माणूस. म्हटलं तुम्हालाच विचारावं, याचं काय करू."

पानावर माझंच वाक्य होतं, त्यांच्या गोल अक्षरात. कामाला खोली नाही. दुसरा रकाना कोरा. तिसऱ्यात उत्तर लिहिलेलं होतं. चौथा कोरा. पंखा फिरत होता आणि पानाचा कोपरा उडत होता. मला पुन्हा एकदा "मला कुठे कळतंय" म्हणता आलं असतं. ते उद्या सटाण्याला निघून गेले असते आणि मी सुटले असते.

का कोण जाणे, मी त्यांच्या खिशातलं पेन मागितलं. दोन शेंगदाणे पडले. दुसऱ्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, पदासकट.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून वाचलं. त्या माणसाचा चेहरा पडलेला मी तेवढाच एकदा पाहिला.

"दोन हंगाम गेले, मॅडम," ते म्हणाले. "दोन वर्षांची पोरं त्या खिडकीतून पुढे गेली."

"हो."

"मी बसलो असतो आधीच."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी नाक शिंकरलं, शर्टाच्या बाहीने वहीचं पान साफ केलं आणि मग, अगदी विंचूरच्या बायांना सांगितलं असेल त्याच सुरात, मला म्हणाले, "ठीक. विचारणारं माणूस सापडलं. आता उत्तर ऐका." आणि वाचून दाखवलं: "शेरा बरोबर आहे. कामाला खोली कमी पडली. हवेतलं औषध मोजता आलं असतं, तर खोली आली असती. त्यासाठीच अर्ज केला होता."

वाचून झाल्यावर चौथ्या रकान्यात त्यांनी बरोबरची खूण केली. रागाने नाही, चिडवूनही नाही. काम झालं की करतात तशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण खरं सांगायचं तर तेव्हाही मला त्या खुणेचा हेवाच वाटला. मी त्यांच्या जागी असते तर ती वही माझ्या तोंडावर फेकली असती.

ते उठले. दारापर्यंत गेले आणि परत आले. "मॅडम, सत्तावीस वर्षांत तुम्ही मला खरा असा एकही प्रश्न विचारला नाहीत. हा शेरा सोडून. वहीत अजून एक ओळ शिल्लक आहे." त्यांनी शेवटच्या ओळीत दुसऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि पहिला रकाना माझ्याकडे वळवला. "बोला."

मी विचार केला. काचा, थर, यंत्रं, सगळं माझ्याभोवती मांडलेलं होतं. मी खूप विचार केला.

"सुचत नाहीये," मी म्हटलं.

"राहू द्या. नाव लिहून ठेवलंय. सुचलं की फोन करा." आणि ते गेले.

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली त्यांनी पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली, चार लाथा मारून स्कूटर सुरू केली आणि गेटापर्यंत गेले. गेटावरचा वॉचमन नवीन होता, जेमतेम आठवड्यापूर्वी लागलेला. त्याने सलाम केला, पुढे झाला आणि हात हलवून काहीतरी बोलला. सर ऐकत राहिले. मग स्कूटर बंद केली, स्टँडवर लावली आणि पिशवीतून वही काढली. वही भरलेली होती. त्यांनी मागचं कव्हर उघडून त्याच्यावर लिहायला सुरुवात केली.

त्या वॉचमनला एका आठवड्यात प्रश्न सुचला होता. मी वर खिडकीत उभी राहून त्याच्याकडे बघत होते आणि मला त्याचा हेवा वाटत होता.